सोवळ्याबाहेर ठेवलेली गोळी

तळीच्या वरच्या पायरीवर गुरुदास बसला होता. आपला उजवा हात त्याने डाव्या हातात धरून ठेवला होता. दुपारची वेळ, वैशाखाचं ऊन, आणि भोवती ओल्या धोतरातले व्रतकरी धोंड. सगळ्यांची नजर त्या उजव्या हातावर खिळलेली. मनगट आत वळलं होतं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली होती आणि अंगठा तळव्यात शिरला होता. चिमटीत कुंकू घेऊन कुणाच्या कपाळाकडे न्यावं, तसा तो हात.

"अवसर इलो," मागून कुणीतरी पुटपुटलं. "देवीचो हात तो. बघ, कुंकू लावता."

चुन्याच्या रेघेबाहेर उभी असलेली एक म्हातारी हात जोडून मातीतच बसली.

मी त्या म्हातारीच्या शेजारी होतो. आयुष्यभर मी दशावतारात राजे केले, राक्षस केले, अंगात आलेली माणसंही केली. देवीचा संचार रंगवताना हात कसा ठेवायचा, पाय कसा आपटायचा, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी दाखवता येईल. पण अंगात आलेल्या माणसाचे डोळे आपल्याकडे पाहत नाहीत, आपल्या पलीकडे पाहतात. गुरुदास सरळ माझ्याकडे पाहत होता. घाबरून पाहत होता.

पण पडदा इथेच थोडा धरून ठेवतो. हा गुरुदास कोण, ते कळल्याशिवाय त्या दुपारचा अर्थ लागणार नाही.

आमची नाटक कंपनी धारगळची. गुरुदास आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर. त्याचे वडील सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आले आणि कारापूरच्या पलीकडे या गावात राहिले. गुरुदासानेही आधी खनिजाचे ट्रक चालवले. खाणी बंद पडल्या तेव्हा तो आमच्याकडे आला. पेटारे, मुकुट, गदा, हार्मोनियम आणि आम्ही सगळी नट मंडळी, असा सगळा दरबार तो पेडण्यापासून सत्तरीपर्यंत फिरवायचा. माझी मुलगी याच गावात दिलेली. कायमचा रंग उतरवल्यावर मीही तिच्याकडे येऊन राहिलो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून पाहता आलं.

गुरुदासाची खरी कमाई म्हणजे त्याचा आवाज. नाटकाच्या दिवशी दुपारी टेम्पोच्या टपावर कर्णा बांधून तो गावोगाव जाहिरात करत हिंडायचा. आमच्या मॅनेजरने लिहून दिलेला मजकूर तो कधीच वाचत नसे. "आयकलात? आज देवळाच्या मांडार राजा मरतलो! कसो मरतलो ता आता सांगणंय नाय. बघुक येवा. पान खावन येवा, पण थुकूक भायर जावा!" त्याचा तो जाड, खडीसाखर चावल्यासारखा आवाज माडांवरून पलीकडच्या वाड्यापर्यंत जायचा आणि बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या.

एकदा आमचा भालदाराचं काम करणारा नट आलाच नाही. गुरुदासाला भाला देऊन उभा केला. "तुका फक्त 'जी महाराज' म्हणाचा आसा," मी बजावलं. मी मरणाला टेकलेलो, आवाज खोल गेलेला, प्रेक्षकांत चिडीचूप, मी क्षीणपणे म्हणालो, "भालदार, पाणी..." आणि हा कर्ण्यात बोलावं तसा गरजला, "जी महाराऽऽज!" माझ्या मरणावर सगळा गाव पोट धरून हसला. आत आल्यावर मी चिडलो, तर हा म्हणतो, "राजे, तुम्ही मेलात ता मागच्या रांगेक कळला तरी. तुमच्या आवाजान कळला नसता." तेव्हापासून आमची मैत्री. मला तो शेवटपर्यंत "राजे"च म्हणत राहिला.

पुढे त्याच्या गळ्याला सूज आली. आधी सुपारीएवढी, मग आंब्याच्या कोयीएवढी. तो मफलर गुंडाळून फिरायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "दुसरो कर्णो वाढता गळ्यात." तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढावी लागेल. आणि तिथूनच आवाजाची नस जाते, तिला धक्का लागू शकतो, हेही सांगितलं.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला. चहा निवून गेला तरी कप उचलेना. "राजे, जीव गेलो तर मनीषा रडतली आणि गप्प ऱ्हवतली," तो म्हणाला. "पण आवाज गेलो तर मी घरात आसान आणि नसान. देवीक सांगलंय मी. माझो आवाज ठेव, औंदा धोंड होतंय. आगीतसून चलतंय."

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय बोलतो म्हणून मनीषा, त्याची बायको, उशाशी बसून होती. त्याने डोळे उघडले आणि घोगऱ्या पण आपल्याच आवाजात विचारलं, "चाय खय?" ती हसली आणि लगेच रडली. आवाज राहिला होता.

गेलं ते दुसरंच काहीतरी. दोन-तीन दिवसांत त्याच्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, मग बोटांत. एका सकाळी वॉर्डात त्याचा हात तसाच आत वळला. डॉक्टर धावले, इंजेक्शन दिलं, हात सुटला. ते सगळं मनीषाने डोळ्यांनी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा.

गावाकडे परतल्यावर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर पल्लवी यांच्याकडे त्याला महिन्यातून रक्त तपासायला जावं लागे. सोबत म्हणून मीही जायचो. डॉक्टर वयाने लहान, पण समजावून सांगायचा कंटाळा नाही.

"थायरॉइडच्या मागे चार इवल्याशा ग्रंथी चिकटून असतात," त्या म्हणाल्या. "तांदळाच्या दाण्याएवढ्या. शस्त्रक्रियेत कितीही जपलं तरी कधीकधी त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तात कॅल्शियम किती असावं, हे त्या ग्रंथी सांभाळतात."

"कॅल्शियम हाडांत ना?" मी विचारलं.

"जवळजवळ सगळं हाडांत आणि दातांत. रक्तात अगदी थोडं. पण त्या थोड्यावरच नसा, स्नायू, हृदय चालतं. ते कमी पडलं की नसा उगाच पेटतात आणि स्नायू वळतात. आज बोटं वळली, उद्या घसा आवळेल, श्वास अडकेल. म्हणून या चार ग्रंथी रक्त सारखं चाखत असतात. कमी वाटलं की हाडांना सांगतात, थोडं सोडा. मूत्रपिंडाला सांगतात, लघवीतून जाऊ देऊ नका. आणि मूत्रपिंडाकडूनच ड जीवनसत्त्व तयार करून घेतात. ते तयार झालेलं ड आतड्याला सांगतं, जेवणात आलेलं कॅल्शियम आत घे. रक्तात पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात."

दशावतारात प्रॉम्प्टर नसतो, पण जत्रेतली संगीत नाटकंही मी केली आहेत. मी म्हणालो, "म्हणजे पडद्यामागचा प्रॉम्प्टर. नट अडला की शब्द देणार, नाहीतर गप्प."

"अगदी तसंच. यांचा प्रॉम्प्टर आता नाही."

"मगे मी दूध जास्त पिलंय तर?" गुरुदासाने विचारलं. "नाचणी खाल्लंय तर?"

"दूध, नाचणी आतड्यापर्यंत जाईल. पण आतड्यातून रक्तात कोण घेईल?" थायरॉइडच्या रोजच्या गोळीशिवाय डॉक्टरांनी त्याच्या समोर आणखी दोन औषधं ठेवली. एक मोठी, पांढरी, खडूसारखी गोळी. दुसरी तांबूस, मऊ, चकचकीत, मासळीच्या गाबोळीतला एक दाणा वेगळा काढावा तशी. "ही मोठी म्हणजे माल. ही छोटी म्हणजे दार उघडणारी. तयार ड आहे हिच्यात. मोठी गोळी एखाद्या वेळी चुकली तर बघू, पण ही चुकवू नका."

गुरुदासाने मान डोलावली. मनीषाने त्याच दिवशी स्टीलचा एक डबा औषधांसाठी वेगळा काढला. वैशाख येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. हातात मुंगी नाही, टेम्पोवर पुन्हा कर्णा चढलेला.

मग देवीचे दिवस आले.

आमच्या गावात धोंडांचं व्रत कडक. होमकुंडाच्या, म्हणजे निखाऱ्यांवरून चालायच्या, आधी काही दिवस घर सोडून तळीकाठच्या मंडपात राहायचं. तळीत बुडी मारून स्वतः शिजवायचं आणि सोवळ्यातलं तेवढंच खायचं. मंडपाभोवती चुन्याची रेघ असते. घरच्या माणसाने रेघ ओलांडून स्पर्श केला, की त्या धोंडाचं त्या वर्षाचं व्रत मोडलं. आणि गावची वेस ओलांडली, तरी मोडलं. या दोन गोष्टींना माफी नाही.

मंडपातला वडील धोंड दत्ताराम. तोही जुना ट्रक ड्रायव्हर, पण आता पांढऱ्या भुवयांचा, कमी बोलणारा. देवीसाठी आपण काय सोडलं, हे तो सांगत नाही आणि दुसऱ्याने काय सोडलं नाही, ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. गुरुदासाने पहिल्याच दिवशी जेवणानंतर औषधांचा डबा उघडला, तेव्हा दत्ताराम समोर बसला होता.

"ह्या काय?"

"औषध. ऑपरेशनचा."

दत्तारामाने पाकीट हातात घेतलं. ती तांबूस गोळी उन्हासमोर धरली. "मोठी गोळी ठीक. पण ह्या मऊ गोळयेचा कवच कसला आसता म्हायत आसा? जनावराच्या हाडांचा. माझो भाचो औषधाच्या दुकानात आसा, तेणा सांगला."

"मगे घेव नको?"

"मी कोण सांगतलंय? व्रत तुझा. तुझा तू बघ."

हुकूम दिला असता तर गुरुदासाने कदाचित वाद घातला असता. वाद घालायला त्याला आवडायचं. पण "तुझा तू बघ" याच्याशी वाद कसा घालायचा? ज्या देवीने आवाज राखला, तिच्या सोवळ्यात जनावराचं हाड पोटात घालायचं? त्याने ती मऊ गोळ्यांची पाकिटं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली आणि रेघेबाहेरच्या चिऱ्यांच्या गडग्याच्या खाचेत ठेवून दिली. व्रत संपलं की पुन्हा घ्यायची. तोवर पांढऱ्या गोळ्या दुप्पट. एक कमी केली तर दुसरी वाढवावी, हा त्याचा ड्रायव्हरचा हिशेब. मनीषाला त्याने रेघेपलीकडून हाक मारून सांगितलं, "नाचणीचा पीठ हाड गो थोडा जास्त." नवरा पोटाला नीट खातो आहे म्हणून तिला बरं वाटलं. ती रोज पीठ आणून रेघेवर ठेवायची.

मी रोज संध्याकाळी रेघेबाहेर लाकडी कदेल टाकून बसायचो. एक-दोन दिवसांनी पाहिलं, गुरुदास बोलता बोलता हाताच्या पाठीने ओठ पुसत होता. परत परत.

"काय रे?"

"तोंडार मुंगये चलतत."

"गोळये घेतस मरे?"

"घेतंय तर! दुप्पट घेतंय, राजे."

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी देवीच्या नावाचा गजर झाला तेव्हा माझ्या कानांना खटकलं. सगळ्यांच्या वर ज्याचा आवाज असायचा, तो मला गर्दीत शोधावा लागला. बारीक झाला होता. धोंडांच्या हातात असते त्या वेताच्या काठीवरची त्याची पकड मधेच सुटायची, मग तो बोटं झटकायचा आणि इकडेतिकडे बघून पुन्हा काठी धरायचा. उन्हाचं असेल, असं तोच मला म्हणाला.

आणि मग ती दुपार. ढोल वाजत होते, धोंड बेभान होऊन गजर करत होते, दम लागून छात्या वरखाली होत होत्या. त्या गजरातच गुरुदासाने काठी टाकली आणि पायरीवर बसला.

आता पडदा सोडतो.

"कोणी आपडू नका," त्याला धरायला पुढे झालेल्यांना दत्तारामाने हात वर करून सांगितलं. ढोल थांबले. गुरुदासाचा डावा हातही वळायला लागला होता. पायाची बोटं खाली मुडपली होती.

रेघेबाहेरून एकाने हात जोडून विचारलं, "माये, औंदा पावस बरो पडात मगे?" दुसरीने विचारलं, "माझ्या चेडवाचा लग्न?" गुरुदास तोंड उघडायचा, मिटायचा. लोक त्या तोंडाकडे उत्तरासाठी बघत होते.

"दत्ताराम," मी ओरडलो, "हो अवसर नाय. दोतोर बाईक बोलवा. नायतर तेका तरी तिकडे न्हेया."

दत्तारामाने माझ्याकडे पाहिलं. "राजे, तुम्ही माचयेर अवसर हाडलात. पेटी वाजली काय येयत, पेटी थांबली काय जायत. ही देवीची जागा."

खरंच होतं ते. माझा शब्द त्या रेघेवर अडून पडला. दोन-चार माणसं माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

तेवढ्यात मनीषा पिठाची पिशवी घेऊन आली. गर्दीतून वाट काढत रेघेपाशी पोचली आणि तिने तो हात पाहिला. वॉर्डात पाहिलेला हात. पिशवी तिच्या हातातून सुटली.

"बारकी गोळी घेतलात तुम्ही?"

गुरुदासाची नजर गडग्याकडे गेली.

ती गडग्याकडे धावली. चिऱ्यांच्या खाचा चाचपत गेली, एका ठिकाणी बोटं अडकली आणि वर्तमानपत्राचा तुकडा बाहेर आला. तिने तो उलगडला. एकही गोळी फोडलेली नव्हती. त्यातलं एक पाकीट तिने डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवलं.

दत्तारामाने पाकीट ओळखलं. त्याच्या भुवया हलल्या, बाकी चेहरा तसाच राहिला.

आणि मग गुरुदास बोलायला गेला. आयुष्यभर ज्या गळ्यातून आवाज नारळीच्या बागा पार करायचा, त्या गळ्यातून शिट्टीसारखी हवा आत ओढली गेली. एकदा. मग पुन्हा. "आवा..." तो म्हणाला. पुढचं अक्षर निघेना. आवाज जातोय, हे तो सांगत होता. ज्यासाठी हे व्रत होतं, तेच त्या व्रतात सुटत चाललं होतं, आणि श्वासही त्याच्याच मागे निघाला होता.

मनीषा रेघेपाशी आली. थांबली. एवढ्या वर्षांत त्या रेघेवर कुणा बाईचं पाऊल पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मी आपडलंय काय व्रत मोडता ना?" ती दत्तारामाला म्हणाली. "मगे मोडला."

तिने रेघ ओलांडली, चार पावलं पुढे गेली आणि नवऱ्याचा वळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. गर्दीतून एकदम "अगे बाये!" उठलं.

"दत्तारामकाका," ती म्हणाली, "पाप लागात ता माका लागात. देवीक काय सांगूचा ता मी सांगान. आता हो धोंड नाय, माझो घोव आसा. उचला तेका."

कुणी पुढे येईना. आत सगळे धोंड, बाहेर म्हाताऱ्या, लहान पोरं आणि गुडघे गेलेला मी. तिने त्याच्या काखेत हात घालून एकटीने उचलायचा प्रयत्न केला. तो अर्धा उठला आणि खाली घसरला. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

तेव्हा दत्तारामाने आपली वेताची काठी पायरीला टेकवून उभी केली. तो खाली वाकला आणि दुसऱ्या बाजूने त्याने गुरुदासाला धरलं. "टेम्पोची चावी खय आसा?" एवढंच त्याने विचारलं.

टेम्पो दत्तारामाने चालवला, ओल्या धोतराने, उघड्या अंगाने. मागे पेटाऱ्यांच्या जागी गुरुदास, त्याचं डोकं मनीषाच्या मांडीवर, आणि मी. "हळू घेवा श्वास," ती सांगत होती, "हळू, हळू." प्रत्येक श्वासाला ती शिट्टी. मी त्याचे पाय धरून बसलो होतो. पोटऱ्या दगडासारख्या लागत होत्या. वेशीवरच्या राखणदाराच्या दगडापाशी टेम्पोचा वेग कमी झाला. दत्तारामाने स्टिअरिंगवरचा एक हात छातीशी नेला. मला वाटलं, थांबतो. थांबला नाही. वेस मागे पडली आणि त्याने जोरात गिअर बदलला.

डॉक्टर पल्लवींनी स्ट्रेचरवरच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "छोटी गोळी?" मनीषाने न फोडलेलं पाकीट पुढे केलं. त्यांनी नस शोधली, छातीला मशीनच्या तारा लावल्या आणि इंजेक्शन शिरेतून द्यायला लागल्या. अगदी सावकाश.

"बाई, जरा लवकर..." मी म्हणालो.

"कॅल्शियम घाईने दिलं तर हृदय थांबतं," त्या नजर न वळवता म्हणाल्या. "आत्ता कुणी बोलू नका."

मशीन टिकटिकत होतं. मनीषा भिंतीला टेकून उभी होती, ओठ दाताखाली. दत्ताराम जनेलाबाहेर उभा होता, गज धरून. त्याचं धोतर अंगावरच वाळलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ वेळा स्टेजवर मेलो, पण एखाद्याच्या अंगठ्याकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

आधी तो अंगठाच सुटला. तळव्यातून बाहेर आला, थरथरला. मग करंगळी वेगळी झाली. श्वासातली शिट्टी एका श्वासाला होती आणि पुढच्याला नव्हती. गुरुदासाने थुंकी गिळली, छताकडे पाहिलं, मग मनीषाकडे.

"चाय खय?" तो म्हणाला.

आवाज बारीक होता, पण त्याचाच. मनीषा तिथेच खाली जमिनीवर बसली.

संध्याकाळी, सलाइन लावलेलं असताना, डॉक्टरांनी त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच धरून ठेवला. दत्ताराम तोपर्यंत आत आला होता. थोड्या वेळाने गुरुदासाचं मनगट हळूहळू आत वळायला लागलं, बोटं जुळली. तोच हात. दत्ताराम एक पाऊल मागे सरला. डॉक्टरांनी हवा सोडली, हात मोकळा झाला.

"अजून थोडं कमी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून रात्री मोठ्या इस्पितळात पाठवते."

"पण तो दुप्पट गोळये खाय होतो," दत्ताराम म्हणाला. "मोठे. पांढरे."

"दुप्पट माल आणला, काका, पण दार बंद. आला तसा बाहेर गेला. वर दिवसभर तो गजर. जोरजोरात श्वास टाकला की रक्तात असलेलं कॅल्शियमही पूर्ण कामाला येत नाही."

दत्तारामाने ते न फोडलेलं पाकीट उचललं. "मीच सांगलंय तेका," तो म्हणाला. "हाडांचा कवच म्हणान."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "कवचाचं तुम्ही खरंच सांगितलं. पण एक फोन केला असतात, तर त्याच औषधाची कवच नसलेली, दाबून केलेली गोळी दिली असती. ती मिळते."

दत्ताराम बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्या वर्षी होमकुंड झालं, पण आमच्या गावच्या दोन काठ्या देवळाच्या खांबाला टेकूनच राहिल्या.

पुढच्या वर्षी गुरुदास पुन्हा मंडपात गेला. नव्या गोळ्या घेऊन. मनीषाने नको म्हणून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. आता त्या मंडपात एक नवी रीत पडली आहे. पानं मांडली, भात वाढला, तरी कुणी घास उचलत नाही. वडील धोंड आधी गुरुदासाकडे बघतो.

"घेतलंस?"

"घेतंय, काका. आधी भात तरी पोटात जावंदे."

"आधी दाखय."

मग गुरुदास दोन्ही गोळ्या तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवतो, पहिल्या घासाबरोबर गिळतो, तोंड उघडून जीभ बाहेर काढतो आणि त्याच्या त्या कर्ण्याच्या आवाजात म्हणतो, "जी महाराऽऽज!" धोंड हसतात आणि जेवायला लागतात.

होमकुंडाच्या पहाटे मी मनीषाच्या शेजारी दोरीपाशी उभा होतो. निखारे पसरले होते. आधी दत्ताराम गेला, मग इतर, मग गुरुदास. काठी उंच धरून, देवीचं नाव घेत. त्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तो पार झाला तेव्हा लोक वाकवाकून त्याचे पाय बघत होते, कुठे भाजलं का म्हणून.

मनीषाने पायांकडे पाहिलंच नाही. ती काठीवरची बोटं बघत होती. ती मोकळी होती.